देवीच्या सुऱ्याची मूठ

दादूस,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. शाई होती, जागाही होती.

आज खंडेनवमी. सकाळी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, मग अंगणातल्या चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं आणि पाण्याला उकळी आल्यावर गावदेवीचा सुरा मुठीकडून त्यात धरला. बायको दारात उभी होती. “देवीचा सुरा शिजवताव काय?” असं विचारून तिने पदर तोंडाला लावला. मुठीतली लाख मऊ व्हायला वेळ लागत नाही. मूठ फडक्यात धरून जरा पिळली आणि ती पात्यावरून अलगद निघून हातात आली.

आत जे दिसलं त्यापायी हे पत्र लिहितोय. तू जाऊन वर्ष उलटलं. तुझी खरी ओळख मला आज झाली, दादूस. भावाची ओळख व्हायला भाऊ मरावा लागतो, हे काही बरं नव्हे.

पत्र तुझ्यापर्यंत पोचेल ना? पोचेलच. पितृपक्षात तुझं पान वाढलं तेव्हा मी मागे वळायच्या आत कावळा शिवला होता. लोक म्हणाले, आत्मा तृप्त होता. मला वाटलं, याला थांबायची सवय कधी होती?

सुरा माझ्याकडे आला तो महादू गुरवामुळे. काल अष्टमीला त्याने नेहमीप्रमाणे गावातली सगळी शस्त्रं देवळात मांडली, आणि पाटावरचा आपला सुरा पुसायला उचलला. तो गेले आठ दिवस समईच्या आचेला लागून होता. महादूच्या हातात मूठ एकीकडे वळली आणि पातं दुसरीकडे. तो माझ्याकडे आला, म्हणाला, तुझ्या भावाचं काम हाय, तूच नीट कर, उद्या दुपारच्या पूजेआधी आन.

आपला सुरा. किती वर्षं असंच म्हणत आलो!

बाबांनी तो कसा केला ते तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहून बघायचं आहे. मोटारीचा तुटलेला कमानपाटा त्यांनी पनवेलच्या लोहाराकडून ठोकून घेतला. पातं टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध ठेवलं. मूठ म्हणजे त्या पोलादाच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या सांबरशिंगाच्या दोन फाळी. आरपार भोकं पाडून तांब्याचे खिळे घातले आणि दोन्ही बाजूंनी ठोकून कानशीने असे घासले, की डोळे मिटून अंगठा फिरवला तर शिंग कुठे संपलं आणि तांबं कुठे सुरू झालं ते कळू नये. पात्याच्या बुडाशी पितळेची जाड शेंबी घातली, हात पुढे घसरून धारेवर जाऊ नये म्हणून. “पातं चुकलं तर शिकार जाते, मूठ चुकली तर हात जातो,” असं ते म्हणायचे. कोयता असो, विळा असो, कुऱ्हाड असो, पनवेलच्या बाजारात बसून त्यांनी जन्मभर लोकांचे हात सांभाळले.

आणि ते शिंग मारलेल्या सांबराचं नव्हतं, हे आठवतं ना? डोंगरात झडून पडलेलं सापडलं होतं. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं. बाबा म्हणायचे, जनावराने आपल्या खुशीने टाकलं ते घ्यावं.

त्याच सुऱ्याने त्यांनी महादूच्या बापाला वाचवलं. भात कापायला आलेल्या दिवसांत रानडुकराने म्हाताऱ्या गुरवाला बांधावर पाडलं होतं. बाबा मध्ये पडले. बाबांच्या मांडीला जखम झाली ती शेवटपर्यंत दुखत राहिली, पण मूठ हातातून हलली नाही. बाबा गेल्यावर म्हाताऱ्या गुरवानेच सुरा मागून घेतला आणि देवीपुढे पाटावर ठेवला. तेव्हापासून खंडेनवमीला गावातल्या सगळ्या कोयत्या-कुऱ्हाडींच्या आधी त्याला हळद लागते.

तुला मात्र गावचे कोयते नको होते. मुंबईला कुठल्याशा बंदुकीच्या दुकानात राहिलास, तिथे साहेबांच्या शिकारी सुऱ्यांच्या मुठी बदलायला शिकलास आणि परत आलास तो बुशकोट घालून. पनवेलला पुण्याच्या रस्त्यावर काचेचं कपाट लावून बसलास. खंडाळ्याला हवा खायला निघालेल्या मोटारी तुझ्या दारात थांबायच्या. त्यांतल्या कोणी जन्मात उंदीर मारला नव्हता, पण सुरा मात्र वाघ मारलेला हवा असायचा. तू तो द्यायचास. संस्थानं बुडाली होती, त्यामुळे तुझ्या कपाटात रोज एक नवा राजा मरत होता.

मी कधी बाजाराच्या दिवशी तुझ्याकडे पाणी प्यायला यायचो तेव्हा तू मागच्या खोलीत काय करत असायचास ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हशीच्या शिंगाला तापलेल्या सळईने खाचा पाडून त्याचं सांबरशिंग करायचं. नवं पातं मिठागराच्या पाण्यात भिजवून ठेवायचं, म्हणजे पंधरवड्यात शंभर वर्षांचा गंज चढतो. मुठीला खिळे आरपार घालायचे नाहीत, पितळेच्या खिळ्यांची नुसती डोकी लाखेत चिकटवायची. त्या डोक्यांना धड नव्हतं, तरी मोटारवाले साहेब त्यांच्यावरून बोट फिरवून माना डोलवायचे. मुठीच्या टोकाला पितळेची टोपी बसवताना तू हसून म्हणायचास, “मी गिऱ्हाइकाला टोपी घालत नाय, सुऱ्याला घालतो.” आणि मी विचारलं, की आत पातं किती गेलंय, तर तुझं ठरलेलं उत्तर: “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

ती म्हण अब्रू राखायला होती, दादूस. तू तिचा धंदा केलास.

राग याचाच येतो की तुझा हात बाबांपेक्षा चांगला होता. ते स्वतः म्हणायचे. खोट्या शिंगावरच्या तुझ्या खाचा खऱ्या सांबरालाही फसवतील अशा होत्या. इतकी कला देवाने दिली होती आणि तू ती कशासाठी वापरलीस? शेंगदाणे खात खात सुरे बघणाऱ्या लोकांसाठी!

तरी तेव्हा मी मनात म्हणायचो, फसतात ते फसोत. हौशी माणसं आहेत. ज्यांना सुऱ्याने काही कापायचंच नाही त्यांना मूठ पोकळ असली काय, भरीव असली काय. हा तुझा आणि त्यांचा प्रश्न होता.

मग तुझी नजर देवळाकडे गेली.

आठवतं, तू गावात आलास आणि पाटलांसमोर सांगितलंस की बाबांच्या सुऱ्याच्या शिंगाला कीड लागली आहे, फाळ्या फुटल्या आहेत, देवीपुढे असलं ठेवणं बरं दिसत नाही? मी म्हणालो होतो, मी बघतो. तू म्हणालास, “तू कोयत्यांच्या मुठी बसव. देवीला हस्तिदंत शोभंल.” सगळे हसले. मी तो तुला नेऊ दिला, कारण थोरला तू होतास आणि बोलणं देवीच्या शोभेचं होतं.

पावसाळा संपता संपता तू सुरा परत आणलास. पांढरी, किंचित पिवळसर मूठ, टोकाला वाघाच्या तोंडाची पितळी टोपी. खालूबाजा लावून गावाने तो वेशीपासून देवळापर्यंत नेला. तुला नारळ दिला, खांद्यावर उपरणं घातलं, आणि पाटलांनी जाहीर केलं की यापुढे नवमीची पहिली ओटी तुझ्या घरची. तू वाकून देवीच्या पायांवर डोकं ठेवलंस. किती वेळ ठेवलं होतंस! मला वाटलं, दादूस बदलला.

तेव्हापासून तो सुरा हातात घेण्याचा मान फक्त गुरवाचा. शेंदूर आणि झेंडूच्या खाली मूठ झाकलेलीच असायची. काल ती माझ्या हातात आली.

आता आज सकाळी काय निघालं ते ऐक. पात्याचं शेपूट मुठीत गेलं होतं ते माझ्या करंगळीएवढंसुद्धा नव्हतं. बाकी सगळी लाख, राळ आणि विटेची पूड. खिळ्यांची तीन डोकी, तुझी नेहमीची. बाबांचं पातं तर मुठीच्या शेवटापर्यंत जात होतं. ते कापून कोणी एवढंसं करत नाही. म्हणजे पातंही त्यांचं नव्हतं.

मग टोपी काढली आणि पांढऱ्या मुठीचं कापलेलं टोक उन्हात धरलं. हस्तिदंताच्या टोकाला जाळीसारख्या रेघा असतात आणि हाडाला बारीक काळे ठिपके असतात, जिथून कधीकाळी रक्त वाहिलेलं असतं. हे तूच मला शिकवलं होतंस, मोठ्या ऐटीत. जाळी नव्हती. ठिपके होते. तरी मन मानेना, म्हणून सुई लाल करून टेकवली. जो वास आला तो स्मशानात येतो.

तुझ्या दुकानामागच्या पिंपात चुन्याच्या पाण्यात काय शिजत असायचं ते तेव्हा आठवलं. मी विचारलं होतं. तू म्हणालास, बटणांसाठी हाडं आहेत.

मी तुकडे फडक्यात बांधून तुझ्या घरी गेलो. वहिनी सुनेच्या ओटीचं ताट लावत बसली होती. खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट. मी सुनेला पाणी आणायच्या निमित्ताने आत पाठवलं आणि फडकं सोडलं.

“वयनी, ही मूठ कसली हाय?”

तिने फडक्याकडे बघितलंही नाही. “नली हाय,” म्हणाली. “बैलाच्या पायाची. चहाच्या पान्यात ठेवली व्हती रंग चढाला.”

“आनि बाबांचा सुरा?”

“इकला. त्या मोटारवाल्या सायबाला झडल्या शिंगाची गोष्ट लय आवडली.”

दादूस, जन्मभर तू खोट्या सुऱ्यांच्या खोट्या गोष्टी विकल्यास. एकदाच खरा सुरा हाती लागला आणि एकदाच खरी गोष्ट सांगितलीस, आणि ती आपल्या बापाची! बांधावरचं डुक्कर, मांडीची जखम, म्हातारा गुरव, सगळं सांगितलं असशील. तो साहेब काय म्हणाला? वा म्हणाला असेल. आणि तू सुरा कागदात गुंडाळून दिलास.

देवीला हाड चालत नाही असं नाही, असं तू म्हणशील. ती कोंबडं घेते, बकरं घेते. खरं आहे, पण ते तिला सांगून देतात. ज्याने आपला नांगर ओढला, पोळ्याला ज्याच्या पाया पडलो, म्हातारा झाल्यावर ज्याला कसायाच्या नजरेआड ठेवतो, त्याची तंगडी चुन्यात उकळून, चहात बुडवून, हत्तीचा दात म्हणून तिच्या पाटावर? आणि शेतकऱ्यांच्या गावाने तिला हळद वाहायची? तू मुंबईच्या माणसांना फसवलंस तेव्हा निदान त्यांची हौस तरी फिटत होती. इथे कोणाची फिटली?

वहिनी वाईट नाही. तिला हे सगळं ओझ्यासारखं वाटत होतं, पण उतरवायला जागा नव्हती. ती मला म्हणाली, “भावजी, आज पोरीची पयलीच ओटी हाय. घरात आल्यापासून वाट बगतेय. आज नका बोलू. मूठ बशवा, उद्या बोला.”

मी तिथून उठून घरी आलो. चूल पेटलेली होती. लाख वितळवून मूठ होती तशी बसवायला मला पान खाण्याइतकाही वेळ लागला नसता, आणि तुझ्यापेक्षा घट्ट बसवली असती. पुढची पन्नास वर्षं हलली नसती. महादू खूश, वहिनी खूश, सून पहिली, आणि तू जिथे आहेस तिथे हसत, की बघा, धाकट्यालाही शेवटी टोपी घालता आली. मी चुलीपुढे बसून राहिलो. खोटं बोलायची भीती नव्हती, दादूस. एकदा ही मूठ माझ्या हाताने बसली, की ती माझी झाली असती. मग या पत्राच्या वर काय लिहिलं असतं ते सांग?

मी लाख घेतली नाही. ताट घेतलं. त्यात पातं एकीकडे, नळी एकीकडे, टोपी आणि खिळ्यांची डोकी एकीकडे ठेवली आणि देवळात गेलो.

गाव जमलं होतं. मी ताट महादूच्या पुढे ठेवलं आणि एवढंच बोललो: “हा बाबांचा सुरा नाय. दादूसनी इकला. ही बैलाची नली हाय.”

महादूने नळी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा ठेवली. ज्या सुऱ्याने बाप वाचला त्याची पूजा करतो आहे असं समजून इतकी वर्षं जगलेला माणूस तो. मला हळूच विचारतो, “म्हंजे मी येवढी वर्सं याला हलद वायली?” माझ्याने त्याच्याकडे बघवलं नाही.

पाटील तुझ्या बाजूचे. पहिली ओटी त्यांनीच दिली होती ना! काठीवर हनुवटी टेकून ते म्हणाले, “देवी येवढी वर्सं गप व्हती. तुलाच बरी वाचा फुटली. मेल्या मान्साची अब्रू काढाला आजचाच दिस गावला?”

मी म्हणालो, “देवी गप नव्हती, पाटील. काल मूठ हालली.”

त्यावर त्यांनी काठी उचलली आणि परत खाली टेकली. मागून कोणीतरी म्हणालं, दादूसनी देवीलाच टोपी घातली. दोघंतिघं हसले. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण तुझा विनोद गावाला अजून पाठ आहे.

सून पुढे उभी होती, ताट हातात. तिला काही कळत नव्हतं की कळूनही पाय हलत नव्हते. वहिनी बायकांच्या मागे, खांबाला टेकून होती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या. ती पुढे आली नाही. तिथूनच सुनेला म्हणाली, “मागं ये गो. रांगंत उभी ऱ्हा.”

सून मागे गेली. चार बायकांनंतर तिचा नंबर आला. महादूने तिची ओटी दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या कपाळाला अंगारा लावला, जसा बाकीच्यांना लावला तसाच. तुझ्या बायकोला जे एका शब्दात जमलं ते तुला साऱ्या आयुष्यात जमलं नाही: आपल्या जागेवर उभं राहायला.

पाट गोमूत्राने धुतला. महादूने मला विचारलं, आता यावर काय ठेवू. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. त्याने काहीच ठेवलं नाही. रिकाम्या पाटावर हळदकुंकू वाहिलं आणि आरती केली.

घरी परतताना मनात येत होतं, बाबांचा सुरा शोधायला मुंबईला जावं का? मग वाटलं, कशाला. कोणाच्या तरी काचेच्या कपाटात असेल. जिथे असेल तिथे त्याची मूठ पक्की आहे. तेवढं पुरे.

एक वचन देतो. पितृपक्षात तुझं पान दर वर्षी वाढीन. बाबांचा मुलगा होतास म्हणून. पानावर वडे घालीन, खीर घालीन, कावळ्याला हाक मारीन. पण कोणी मला तुझ्याविषयी विचारलं तर जे झालं ते सांगेन, एक खिळा कमी नाही आणि एक जास्त नाही. आणि उद्या तुला नातू झाला नि त्याला मूठ बसवायला शिकायचं असेल तर आरपार भोक पाडण्यापासून शिकवीन.

आता शेवटचं. ती नळी ताटात घेऊन मी घरी आलो खरा, पण तिचं काय करायचं ते कळेना. नदीत सोडावी तर कुत्री ओढून काढतील. कचऱ्यात टाकायला हात होईना. कोणाच्या तरी गोठ्यातला होता तो. कोणीतरी त्याला नावाने हाक मारली असेल. संध्याकाळी कुदळ घेऊन आपल्या शेताच्या बांधावर गेलो, म्हातारे बैल पुरतो तिथे. गुडघाभर खड्डा काढला. तू चहाने चढवलेला रंग आधी पाण्याने धुतला, जेवढा गेला तेवढा. मग हळद लावली, मूठभर भात ठेवला आणि माती लोटली. गेल्या वर्षी तुला अग्नी दिला तेव्हा मी रडलो होतो. ते रडणं तुला तेव्हा दिलं, परत मागत नाही. पण मान वाकवून, चपला काढून, मनापासून जो नमस्कार करतात तो आज केला, आणि तो त्या बैलाला केला.

तुझा धाकटा,
नारायण